एकाच पाकिटातली भेंडी, पण झाडागणिक फूल-फळ वेगळं: तपासणी कुठून सुरू करायची

आधी लक्षणं. तोडलेला माल ताडपत्रीवर ओतला की बारीक, गर्द हिरव्या भेंडीत मधूनच फिकट पोपटी, बुडाशी जाड भेंडी दिसते. बहुतेक फळांना पाच धारा, पण काहींना सात-आठ. काहींवर इतकी कूस (टोचणारी लव) की तोडणाऱ्या बायका हातमोजे मागतात. काही कोयत्यासारखी वाकडी. रानात गेलं तर एक झाड छातीला लागलंय आणि अजून फूल नाही, शेजारचं कमरेइतकं आणि दोन तोडे देऊन बसलेलं. फुलं सगळी पिवळीच, पण कुठे आतला डाग गडद किरमिजी, कुठे फिका, तर कुठे पाकळीच्या बाहेरूनही जांभळट. मार्केट यार्डात आडत्या क्रेटमध्ये हात घालून ‘माल मिक्स आहे’ म्हणतो आणि दर पाडतो.

पुण्याजवळच्या मांजरी, उरुळी कांचन, यवत, शिक्रापूर या पट्ट्यात दर हंगामात असे प्लॉट बघायला जावं लागतं. शेतकऱ्याचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो, की बियाणं बोगस. दुकानदाराचाही ठरलेला असतो, की हवामानामुळे झालं. दोघांचंही कधी बरोबर निघतं, कधी चूक. म्हणून खालच्या क्रमाने जा. पहिल्या तीन-चार तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही आणि बरीचशी प्रकरणं तिथेच मिटतात.

झाड वेगळं आहे की फळ वेगळं आहे?

सगळ्यात आधी हेच बघा. औषधाच्या दुकानात जाण्याआधी, कुणाला फोन लावण्याआधी.

जुन्या साडीच्या चिंध्या घ्या आणि ज्या झाडांवर विचित्र फळ दिसतंय त्यांना बांधा. झाडं उपटू नका. पुढच्या दोन तोड्यांना फक्त त्या झाडांचा माल वेगळा काढून बघा. चिंधीच्या झाडाचं प्रत्येक फळ तसंच निघालं, म्हणजे आठ धारांचं झाड प्रत्येक वेळी आठच धारा देत असेल, तर वेगळेपण झाडाच्या रक्तातच आहे. गोष्ट बियाण्याकडे जाते. पण त्याच झाडावर खाली सरळ फळ, मध्ये वाकडं, वर पुन्हा सरळ असं असेल, तर बियाण्याला दोष देऊ नका. ते पाणी, कीड, ऊन किंवा तोडणीचं काम आहे.

पाच धारांच्या वाणात एखादं फळ सहा धारांचं निघतं, विशेषतः बुडाकडच्या पेरांवर. त्याला वेगळं झाड म्हणू नका.

तोडणी किती दिवसांनी होते?

ही तपासणी फार साधी वाटते म्हणून लोक टाळतात. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. त्याचं आयुष्य एका दिवसाचं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्या फुलापासून साधारण चार ते सहा दिवसांत फळ तोडणीला येतं. त्यापुढे ते जाड होतं, रंग उतरतो, धारा उठून दिसतात आणि आत धागा धरतो. एक दिवसाआड तोडणी चालू असताना एका कडेच्या दोन सऱ्या तोडायच्या राहून गेल्या, की पुढच्या खेपेला क्रेटमध्ये दोन वाणांची भेंडी असल्यासारखं दिसतं.

तपासायला दहा-बारा उमललेल्या फुलांच्या देठाला रंगीत दोरा बांधा. पाचव्या दिवशी ती फळं एकत्र तोडून ओळीने मांडा आणि टोक मोडून बघा. कोवळं असेल तर कडकन मोडतं, निबर असेल तर वाकतं. सगळी एका वयाची फळं एकसारखी दिसली तर तुमचा प्लॉट ठीक आहे. सुधारायची आहे ती तोडणी.

थंडीत हा हिशोब बिघडतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या रात्री गार झाल्या की फळ वाढायला जास्त दिवस लागतात आणि लांबी यायच्या आत ते निबर होऊ लागतं. तेव्हा लांबीवर न जाता कोवळेपणावर तोडा.

नांगे कशाने भरले?

आता जरा अवघड प्रश्न, कारण उत्तर घरातच असतं. उगवण विरळ झाली की दहा-बारा दिवसांनी नांगे, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, पुन्हा बी लावून भरतात. त्या वेळी पहिलं पाकीट संपलेलं असतं. मग गेल्या वर्षीच्या डब्यातलं उरलेलं बी किंवा भावकीतल्या कुणाकडून मागून आणलेलं बी टोकलं जातं. ज्याने टोकलं तो विसरतो, ज्याने सांगितलं तो मजुराला विचारत नाही.

याची खूण रानातच मिळते. चिंधीची झाडं जिथे आहेत तिथे मूळ उगवण विरळ होती का? ही झाडं आठ-दहा दिवसांनी मागे आहेत का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर शोध संपला. तसंच सगळी पाकिटं एकाच लॉटची होती का, हेही बघा. वाण एकच, पण लॉट वेगळे, असं अनेकदा होतं. रिकामी पाकिटं फेकून दिली असतील तर ही तपासणी इथेच थांबते. म्हणून शेवटचा तोडा होईपर्यंत पाकीट आणि बिल पत्र्याच्या पेटीत ठेवण्याची सवय लावा.

आणखी एक बघा. वेगळी झाडं ओळीत आहेत की ओळीबाहेर? मागच्या हंगामात त्याच रानात भेंडी असेल तर वाळलेल्या शेंगा फुटून पडलेलं बी जमिनीत राहतं. भेंडीच्या बियांचं कवच कठीण असतं, काही बिया उशिरा उगवतात. सरीच्या मधोमध, वरंब्याच्या कडेला उभी असलेली झाडं बहुतेक अशीच आपोआप उगवलेली. रानभेंडी आणि अंबाडीही कधी कधी यात घुसतात. अंबाडीचं फूल फिकट पिवळं, आत गडद डाग असलेलं, त्यामुळे लांबून फसायला होतं. बोंड हातात घेतलं की शंका उरत नाही.

सकाळी नऊच्या आत फूल बघा

फळ हंगामाप्रमाणे थोडंफार बदलतं. फूल आणि खोड त्या मानाने इमानदार. म्हणून वाण ओळखायला मी फळापेक्षा फुलाकडे आधी बघतो.

फूल हातात घ्या, पाच पाकळ्या मोकळ्या करा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी डाग असतो. आता पाकळी उलटी करा. डाग फक्त आतून आहे की बाहेरच्या बाजूनेही जांभळा उतरलाय? हा वाणाचा ठरलेला गुण आहे आणि वाणांच्या नोंदणीतही तो तपासला जातो. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या अर्का अनामिकाला पाकळीच्या दोन्ही बाजूंनी डाग असतो. तुमच्या प्लॉटमध्ये काही झाडांना दोन्हीकडून आणि काहींना एकाच बाजूने डाग दिसत असेल, तर तिथे दोन वेगवेगळी कुळं उभी आहेत. फळं कितीही सारखी दिसली तरी.

त्याबरोबर खोडाचा आणि पानाच्या देठाचा रंग बघा: निव्वळ हिरवा की लालसर झाक असलेला. पान किती खोल कातरलंय ते बघा. पहिलं फूल कितव्या पेरावर आलं ते मोजा. फळाचं टोक निमुळतं की बोथट, लव किती, हे शेवटी. या पाच-सहा गोष्टी एका कागदावर चांगल्या झाडासाठी आणि वेगळ्या झाडासाठी शेजारी शेजारी लिहा. एकच गुण वेगळा असेल तर घाई करू नका. तीन-चार गुण एकदम वेगळे असतील तर ते झाड त्या वाणाचं नाही.

‘थंडीने खोड लाल झालं’ हे उत्तर दुकानात हमखास मिळतं. थंडीत लाली थोडी वाढते, हे खरं आहे. पण एका फुटावरच्या दोन झाडांना थंडी सारखीच लागते. एक लाल आणि एक हिरवं असेल तर कारण थंडी नाही.

वेगळी झाडं आपसात सारखी आहेत का?

माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच, आणि तो जवळजवळ कुणी विचारत नाही. चिंधी बांधलेली झाडं मूळ वाणापेक्षा वेगळी आहेत हे कळलं. आता ती एकमेकांशी ताडून बघा.

सगळी वेगळी झाडं एकाच साच्यातली असतील, म्हणजे सगळी बुटकी, सगळी सात धारांची, सगळ्यांचा डाग फिका, तर दुसऱ्या एका शुद्ध बियाण्याची भेसळ झालेली आहे. ती मळणीत, गोदामात, पाकीट भरताना किंवा तुमच्या टोकणीत झाली असेल. संकरित बियाणं असेल तर आणखी एक शक्यता असते. संकरित भेंडीचं बी हाताने तयार होतं. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आदल्या संध्याकाळी काढायचे आणि सकाळी नर ओळीचा पराग आणून लावायचा. एखादी कळी हातून सुटली की ती स्वतःच फळते आणि त्या बोंडात संकर नसून मादी ओळीचंच बी भरतं. अशी झाडं प्लॉटभर विखुरलेली, पण एकमेकांसारखी दिसतात.

प्रत्येक वेगळं झाड आपल्या तऱ्हेचं असेल, एक उंच नि पोपटी, दुसरं बुटकं नि केसाळ, तिसऱ्याचं खोड लाल, तर ते बी संकरित पिकातून धरलेलं आहे किंवा परपराग झालेल्या (दुसऱ्या वाणाचा पराग लागलेल्या) पिकातलं आहे. संकरित झाडाचं बी पुढच्या पिढीत फुटतं. आजी-आजोबांचे लपलेले गुण वेगवेगळ्या जोड्यांनी वर येतात. एका जनुकावर चालणारा दबलेला गुण साधारण चारातल्या एका झाडात पुन्हा दिसतो. असे पाच-सहा गुण एकत्र फुटले की दोन झाडं सारखी सापडणं मुश्कील. हे बी तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी घरी धरलं असेल तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. सीलबंद पाकिटातून असं निघालं असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे, ते शेवटी येतंच.

शेजारच्या लाल भेंडीमुळे माझी बिघडली का?

नाही. या हंगामात तरी नाही. काशी लालिमासारखी लाल वाणं आल्यापासून ही तक्रार फार वाढली आहे. शेजाऱ्याच्या लाल भेंडीचा पराग मधमाशीने तुमच्या फुलावर आणला, तरी त्या फुलापासून होणारं फळ तुमच्या झाडाच्याच शरीराचं. त्याचा रंग, धारा, लांबी आईकडून ठरते. संकर होतो तो आतल्या बियांत. ती बी तुम्ही धरली आणि पुढच्या वर्षी पेरली, तर तेव्हा लालसर झाडं उगवतील. म्हणजे यंदा दिसणारा दोष मागच्या पिढीच्या शिवारातला आहे.

भेंडी मुख्यतः स्वतःच्याच परागावर फळते, पण परपरागही बऱ्यापैकी होतो. अभ्यासांत ४ ते १९ टक्के असा आकडा साधारण दिला जातो. म्हणून बियाणं प्रमाणीकरणात भेंडीच्या दोन वाणांत प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर आणि पायाभूत (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात त्या) बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर राखतात. दोन-तीन एकरांच्या तुकड्यांच्या आपल्याकडे एवढं अंतर कुठून आणणार? घरचं बी धरायचं असेल (सरळ वाणाचंच, संकरिताचं नाही) तर उद्या उमलणाऱ्या कळीवर आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी चढवा, फूल कोमेजल्यावर काढा आणि त्या फळाला दोरा बांधून झाडावरच वाळू द्या.

गच्चीवर चार-सहा कुंड्यांत लावणाऱ्यांनाही हेच लागू. कोथरूडच्या गच्चीवर एका कुंडीत लाल नि दुसरीत हिरवी भेंडी असेल तर खायला काही अडचण नाही, फक्त त्यांचं बी पुढे देऊ नका. कुंडी लहान असेल तर झाड बुटकं राहतं नि फळं आखूड येतात. त्याला वाण बिघडला म्हणत नाहीत.

रोग, कीड आणि उडून आलेलं तणनाशक

इथपासून थोडा खर्च लागू शकतो.

फळ पिवळट-पांढरट, आखूड, कडक आणि पानांच्या शिरा पिवळ्या धमक असतील तर तो हळद्या. पांढरी माशी तो पसरवते. बियाण्यातून तो येत नाही. त्याची पहिली नोंद पुण्याशी जोडलेली आहे: १९२४ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मासिकात कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांवरच्या या रोगाबद्दल लिहिलं होतं. पुसा सावनी ही भेंडीची जुनी जात याच रोगाला टिकते म्हणून पसरली आणि पुढे त्यालाच बळी पडू लागली. मग १९८५ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठाने रानटी जातीशी संकर करून परभणी क्रांती आणली. प्रतिकारक म्हटलेला वाणही कायम तसाच राहतो असं नाही, म्हणून पाकिटावरच्या शब्दावर निर्धास्त राहू नका. रोगट झाड लहान असतानाच उपटून पुरा आणि पानांच्या खालच्या बाजूला सकाळी माशी बघा.

पानं जाडसर, मुरडलेली, खालच्या बाजूला शिरांवर उंचवटे आणि फळं वाकडी असतील तर पर्णगुच्छाच्या विषाणूची शंका घ्या. तोही पांढऱ्या माशीचाच. फक्त फळ वाकलंय नि त्यावर विष्ठा भरलेलं छिद्र आहे, तर फळं पोखरणारी अळी. ऐन फुलांच्या वेळी सकाळभर पाऊस लागला तरी बी एका बाजूला नीट भरत नाही आणि चार-सहा दिवसांनी वाकडी फळं दिसतात. ती आपोआप थांबतात.

तणनाशकाकडे मात्र नीट लक्ष द्या. दौंड, शिरूर, बारामतीकडे भेंडीला लागून ऊस असतो आणि उसात टू-फोर-डी मारतात. भेंडी कपाशीच्या कुळातली, टू-फोर-डीचा थोडा वास लागला तरी बिघडते. नवी पानं बोटांसारखी अरुंद निघतात, फळं पिळवटतात आणि लोक म्हणतात, ‘हा तर दुसराच वाण निघाला.’ ओळखायची खूण अशी: खालची जुनी पानं नेहमीसारखी आणि ठरावीक पेरापासून वरची सगळी बिघडलेली, शिवाय उसाच्या बांधाकडे जास्त, आत कमी. वाण वेगळा असता तर झाड पहिल्या पानापासून वेगळं असतं. ज्या पंपाने तणनाशक मारलं तोच पंप भेंडीला वापरला असेल तर बांधाकडे जास्त-कमी असा फरकही दिसणार नाही, म्हणून पंपाचीही चौकशी करा.

खतांबद्दल थोडक्यात: नत्र जास्त झालं की झाड माजतं आणि फूल लांबतं. पण ते सगळ्या प्लॉटवर सारखं होतं, एकाआड एक झाडावर नाही. कडक उन्हात ४२ अंशांच्या वर फुलं गळतात. तेही सगळीकडे.

इथे थांबा, माणूस बोलवा

वेगवेगळ्या चार ठिकाणी सलग शंभर-शंभर झाडं मोजा. शंभरात एक-दोन वेगळी झाडं निघाली तर उपटून टाका आणि कामाला लागा, तेवढं कुठल्याही बियाण्यात चालतं. पण पाच-सहाच्या वर जात असतील, प्लॉटभर विखुरलेली असतील, नांगे आणि आपोआप उगवलेली झाडं वजा केली असतील आणि बी सीलबंद पाकिटातलं असेल, तर आता पुढचं स्वतः करू नका. विशेषतः झाडं उपटू नका. रागाच्या भरात प्लॉट साफ करणाऱ्यांच्या हातात नंतर बघण्यासारखं काही उरत नाही.

रोगाबाबत शंका राहिली तर कृषी विज्ञान केंद्राकडे जा. नारायणगाव आणि बारामती, दोन्हीकडे भाजीपाला बघणारे तज्ज्ञ आहेत. झाड मुळासकट, ताज्या फुलासकट आणि दोन-तीन फळांसह न्या. मोबाइलवरच्या फोटोत पाकळीच्या मागचा डाग आणि खोडाची झाक नीट येत नाही.

बियाण्याची तक्रार असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती प्लॉटवर येऊन पंचनामा करते. तुमच्याकडून बिल, रिकामी पाकिटं, लेबल आणि लॉट नंबर मागितले जातात. उरलेलं बी असेल तर तेही द्या. लेबलचा रंग सांगा, प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. नुसतं कंपनीच्या जबाबदारीवर विकलेलं सत्यप्रत बियाणं असेल तर तसंच नोंदवा. समिती यायच्या आत फुलोरा संपला तर वाण ओळखणं अवघड जातं, म्हणून अर्ज पहिल्या-दुसऱ्या तोड्यातच द्या. प्रयोगशाळेत उगवणशक्ती काही दिवसांत कळते, पण वाणाची शुद्धता बघायला ते बी पुन्हा लावून झाड वाढवून बघतात, त्याला अख्खा हंगाम जातो.

पंचनाम्यात नुकसान मान्य होऊनही विक्रेता दाद देत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. तिथे वकील करा, स्वतः कागद रंगवत बसू नका. निकाल लागेपर्यंत तोडणी थांबवायची गरज नाही. फक्त चिंधीच्या झाडांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये भरा आणि दोन्ही मालांच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) आडत्याकडून वेगवेगळ्या घ्या. दरातला फरक त्या पट्टीवर लिहिलेला असला की नुकसानीचा आकडा वेगळा सिद्ध करत बसावा लागत नाही.